गच्चीवरची खोली

ता. ४ ऑक्टोबर

ती. दादास,

ठकीचा शि. सा. न., आणि विनंती विशेष अशी की अक्षर जरा सुधार. तुझं मागचं पत्र वाचायला मला समोरच्या औषधाच्या दुकानदाराला हाक मारावी लागली. असलं अक्षर वाचायची सवय त्यालाच. त्याने डोळे बारीक करून सांगितलं, की तुझ्या जाहीर व्याख्यानाचा विषय 'परके' असा आहे. मी ते 'परकर' वाचलं होतं आणि दादा आता माझ्या धंद्यावर बोलणार म्हणून उगीच हरखून गेले होते.

दुकान बरं चाललंय. लग्नाचे कपडे शिवायला आलेत, दोन्ही मशिनी दिवसभर धडधडतात. काजं करायचं काम वरच्या खोलीतल्या भाडेकरणीकडे असतं. तिच्याबद्दल मी तुला पूर्वी लिहिलंय, पण तू पत्रं वाचतोस की नुसती जपून ठेवतोस कोण जाणे, म्हणून पुन्हा लिहिते. माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकून जो चष्मे दुरुस्त करतो ना, त्याची ही बायको. नदीपलीकडे दंगे झाले तेव्हा ही माणसं इकडे आली. त्यांची प्रार्थना वेगळी, सुट्टीचा वार वेगळा, आणि बोलताना आपले शब्द त्यांच्या तोंडात जरा घरंगळतात. घरात नवरा-बायको, लहान मुलगी आणि चष्मेवाल्याची म्हातारी आई. म्हातारीला दमा आहे. तिला आपली भाषा फारशी येत नाही, पण मी जिना चढून गेले की स्वतः उठून मला खुर्ची देते. आवाज नाही, भांडण नाही. माझ्या गेल्या भाडेकरूसारखे रात्री बाजा वाजवत नाहीत, एवढ्यावरच मी त्यांना जन्मभर ठेवून घेतलं असतं.

आता खरी गोष्ट. मागच्या आठवड्यात सूतगिरणीला आग लागली. एक भिंत कोसळून आतले दोन कामगार गेले. आग कशी लागली ते कुणालाच माहीत नाही, आणि कुणालाच माहीत नाही म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पलीकडच्या लोकांनी लावली म्हणे. काल संध्याकाळी गल्लीतली मंडळी दुकानात आली. पुढे बेकरीवाला होता. तो किती गोड बोलतो तुला ठाऊक आहे, बिस्किटापेक्षा बोलणंच जास्त विकतो. म्हणाला, कुणाच्या मनात काही नाही हो, पण लोकांची डोकी तापलेली आहेत, उद्या काही झालं तर तुम्ही एकट्या बाईमाणूस. त्यांच्याच भल्यासाठी खोली रिकामी करून घ्या. मी म्हटलं, बघते.

मी 'नाही' म्हणायला हवं होतं का रे? चष्मेवाला तेव्हा कोपऱ्यात बसून काच घासत होता. त्याने मान वर केली नाही. पण काच घासायचा आवाज थांबला होता.

काय करू ते लवकर लिही, आणि वाचता येईल असं लिही. वहिनींना नमस्कार. लोभ असू दे. कमी पडत असेल तर वहिनींकडून उसना घे.

तुझी
ठकी


ता. १३ ऑक्टोबर

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद, आणि एक कानपिचकी. अक्षराची थट्टा पुरे. मोठ्या माणसांची अक्षरं अशीच असतात, असं माझे विद्यार्थी मला परीक्षेच्या आधी सांगतात.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तू 'बघते' म्हणालीस? ठके, आपल्या आईच्या पोटची मुलगी 'बघते' म्हणाली? मी गेली कित्येक वर्षं हेच शिकवतो आहे. साथ आली की विहिरीत विष घातल्याचा आळ परक्यांवर. पीक बुडालं की दोष परक्यांचा. राजांनी कारागीर म्हणून त्यांना मानाने बोलावून घ्यायचं, शहरं बांधून घ्यायची, आणि गरज संपली की त्यांच्या वस्तीला वेगळी वेस घालून संध्याकाळी दार बंद करायचं. कुठे त्यांच्या कपड्यांवर खूण शिवायला लावली, कुठे देव बदला नाहीतर गाव सोडा म्हणून सांगितलं. आणि या सगळ्या काळात राजे आणि दंगेखोर थोडेच होते. खरी गर्दी होती ती 'बघते' म्हणणाऱ्यांची. दार लावून आत बसलेल्यांची. माझ्या व्याख्यानाचा सगळा भर यावरच आहे.

तू घाबरली आहेस हे मला कळतं. पण तुझ्या बेकरीवाल्याला सांग की या बाईचा एक भाऊ आहे. आणि अगदीच निभेनासं झालं, तर सरळ त्या माणसांना माझ्याकडे पाठवून दे. गच्चीवरची खोली रिकामीच आहे. जुनी मासिकं आणि एक मोडका पंखा यांखेरीज तिथे कुणी राहत नाही. पत्र पाठवून विचारत बसू नकोस. माझं दार उघडं आहे, आणि ते कुणाला विचारून उघडं ठेवलेलं नाही.

इकडे प्राचार्यांच्या जागेसाठी माझं नाव चालू आहे, अशी कुजबूज आहे. आपल्या खालच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ कॉलेजच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांनीच जिन्यात थांबवून सांगितलं. होईल तेव्हा होईल. मी असल्या गोष्टींमागे धावत नाही.

धीर सोडू नकोस. आशीर्वाद पाठीशी आहेतच, पाठीला कणा तेवढा तुझा तू लाव.

तुझा
दादा


ता. २९ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. आज थट्टा सुचत नाही, समजून घे.

ते आज सकाळी गेले. तुझ्याकडे निघालेत. हे पत्र आणि ती माणसं, बहुधा बरोबरीनेच तुझ्या दारात येतील.

तुझं पत्र आल्यावर मी खरंच ताठ झाले होते. बेकरीवाला पुन्हा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, खोली माझी आहे, भाडेकरू माझे आहेत. तो हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी लग्नघरची बाई आली आणि अर्धे शिवलेले कपडे उचलून घेऊन गेली. टाचण्यासकट. मग एकेक जण. कुणी भांडलं नाही दादा, भांडलं असतं तर मीही भांडले असते. प्रत्येकीला काहीतरी कारण होतं. कुणाचं माप बदललं, कुणाला रंग आवडेनासा झाला. शिवायला बसणाऱ्या दोघी मुलींपैकी एकीच्या वडिलांनी तिला पाठवणं बंद केलं. तिची मशीन नुसती झाकून ठेवलीय.

मग एका सकाळी दारावर कोळशाने एक शब्द लिहिलेला. तो मी लिहिणार नाही. वरची माणसं खाली यायच्या आत पुसून टाकावा म्हणून मी फडकं घेऊन उभी राहिले, तर काळं नुसतं पसरत गेलं. मागे चष्मेवाला कधी येऊन उभा राहिला कळलंच नाही. म्हणाला, कोळसा पाण्याने जात नाही, साबण लागतो. वर जाऊन साबण घेऊन आला, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला दिलेली शिवी धुतली.

त्याच दिवशी मी त्याला सांगितलं. मी काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं. बरीच वाक्यं होती, त्यात त्यांच्या सुरक्षिततेचं होतं, म्हातारीच्या तब्येतीचं होतं. जिन्यात तो समोर आला आणि मी एवढंच म्हणाले, की खोली हवी आहे. तो 'बरं' म्हणाला. नुसतं 'बरं'. मग विचारलं, की खिडकीची एक काच सैल आहे, ती जाण्याआधी बसवून देऊ का? मला वाटलं होतं तो गयावया करेल, निदान रागावेल. कुणीतरी रागावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग मी तुझं पत्र घेऊन वर गेले आणि वाचून दाखवलं. चष्मेवाल्याची बायको हातातली सुई तशीच धरून ऐकत होती. गच्चीवरच्या खोलीचं वाक्य आलं तेव्हा चष्मेवाल्याने ते पुन्हा वाचायला सांगितलं, आणि मग त्यांच्या भाषेत म्हातारीला समजावून दिलं. म्हातारीने माझ्या हातातल्या कागदाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. दादा, त्या क्षणी मला तुझा फार अभिमान वाटला आणि माझी फार लाज वाटली.

म्हातारीला गच्चीवर गारवा सोसणार नाही. शेगडीची काही सोय कर. मुलीला दूध लागतं, लाजते, मागणार नाही. ती माणसं खोली इतकी स्वच्छ करून गेली आहेत की मला आत पाऊल टाकवत नाही.

त्यांना जे मी दिलं नाही ते तू देतो आहेस. तुझ्या लोभाला मी पात्र आहे की नाही हे मलाच ठरवता येत नाही, पण तो असू दे.

तुझी
ठकी


ता. ९ नोव्हेंबर

चि. ठकीस,

अ. आ. पत्रास उशीर झाला. व्याख्यानाची गडबड होती.

व्याख्यान उत्तम झालं. सभागृह भरून लोक मागे उभे होते. कार्यकारिणीचे सगळे सभासद पहिल्या रांगेत. शेवटच्या भागाला तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे पुसले. दोन वर्तमानपत्रांत बातमी आली आहे, कात्रण सोबत जोडलं आहे.

तुझी मंडळी येऊन पोहोचली. त्यांची व्यवस्था झाली आहे, काळजी नसावी. इथे एका शाळेच्या इमारतीत अशा कुटुंबांसाठी निवारा उघडला आहे. तिथे त्यांचेच लोक आहेत, त्यांची भाषा बोलणारे. माणसाला आपल्या माणसांत बरं वाटतं. गच्चीवरच्या खोलीचा मी विचार केला होता, पण तुझ्या वहिनीची प्रकृती तुला माहीत आहे. तिला हल्ली माणसांची वर्दळ सोसत नाही, अनोळखी माणूस घरात म्हटलं की तिचा जीव घाबरतो. तिला दुखवून काही करणं बरं दिसलं नसतं. शिवाय खोलीचं छत गळतं.

तू फार मनाला लावून घेऊ नकोस. परिस्थितीच अशी होती. सगळ्याच गोष्टी आपल्या हातात नसतात.

इकडे थंडी पडू लागली आहे. लोभ आहे तसाच आहे, हे लिहायला नकोच.

तुझा
दादा


ता. १७ नोव्हेंबर

ती. वहिनींस,

ठकीचा सा. न. तुम्हाला वेगळं पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, म्हणून आधी शाई नीट आहे का ते पाहून घेतलं.

दादाच्या पत्रातून तुमच्या तब्येतीचं कळलं. मला काहीच माहीत नव्हतं. वहिनी, मनात काही ठेवू नका. अनोळखी माणसं घरात यायची म्हणजे कुणाचाही जीव दडपतो. मी तर त्यांना ओळखत होते, रोज त्यांच्या हातची काजं पाहत होते, आणि तरी मी घाबरले. तुम्ही त्यांना ठेवून घेतलं नाही म्हणून मी तुमच्यावर रागावले असेन, असं वाटून तुम्ही झुरत असाल, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. मी कुणावर रागवायच्या लायकीची राहिलेली नाही.

माझ्या वरच्या खोलीत आता बेकरीवाल्याचा पुतण्या राहतो. गिऱ्हाइकं परत आली. लग्नघरची बाई तर कपडे घेऊन अशी आली, जणू मधे काही झालंच नाही. माझी चांगली चौकशी केली. मीही हसून बोलले. रात्री आरशासमोर केस विंचरताना मला ते हसणं आठवलं आणि मी दिवा मालवला.

एक काम आहे. चष्मेवाल्याच्या बायकोने पोहोचल्यावर कळवते म्हणून सांगितलं होतं. तिचं काही आलं नाही. ती शाळा कुठे आहे ते दादाला विचारून कळवाल का? सोबत म्हातारीसाठी एक जाड शाल पाठवते आहे. जमलं तर तेवढी कुणाच्या हाती पोहोचवा. तुम्ही जाऊ नका, जिने आणि गर्दी तुम्हाला नको.

प्रकृतीला जपा. माझ्यावरचा लोभ जुना आहे, झिजला असला तरी टाकू नका.

तुमची
ठकी


ता. २६ नोव्हेंबर

चि. ठकी हिस,

आशीर्वाद. मी तुझ्या भावासारखं लिहीत नाही. जे झालं ते सांगते.

माझी तब्येत ठणठणीत आहे. माणसांची वर्दळ मला सोसत नाही हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. तुझी माणसं आली तेव्हा मी घरात नव्हतेच. माझ्या वहिनीचं ऑपरेशन झालं म्हणून मी महिनाभर माझ्या भावाकडे होते. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला नाही म्हटलं नाही. ती माणसं येणार होती, आली होती, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी यांना विचारलं. हे म्हणाले, व्यवस्था झाली आहे, शाळेत आहेत. बाकी सगळं सावकाश बोलू. मी सावकाश थांबले नाही. दुसऱ्या दिवशी शाल घेऊन शाळेत गेले.

ठके, शाळा रिकामी होती. वर्गांमध्ये दोऱ्या बांधून त्यांवर चादरी टाकल्या होत्या, त्या तशाच लोंबत होत्या. मागे चुली मांडल्या होत्या, त्यांतली राख अजून उचललेली नव्हती. एक पहारेकरी होता. म्हणाला, वरून हुकूम आला, सगळ्यांना ट्रकमध्ये घालून नदीपलीकडे परत पोहोचवलं. पलीकडे काय चाललंय ते तूही वाचतेस. मी शाल घेऊन तशीच उभी राहिले. मग तो म्हणाला, एक म्हातारी तेवढी राहिली आहे. तिला धाप लागली होती, ट्रकमध्ये चढवता येईना. मुलगा उतरायला निघाला होता, त्याला उतरू दिलं नाही.

ती एका वर्गात फळ्याखाली पडून होती. मी खुणांनी सांगितलं, मी कोण ते. तुझं नाव घेतलं, यांचं घर कुठे ते सांगितलं. घर कळल्याबरोबर ती उठून बसली. माझा हात धरला, दुसरा हात स्वतःच्या कपाळाला लावला, आणि मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, की तुमच्या घरातला ताप उतरला का? मला कळेना ती काय म्हणते. तिने पुन्हा विचारलं. घरात ताप होता ना? आता बरं आहे ना?

घरी येऊन मी यांना विचारलं की आपल्या घरात ताप कुणाला आला होता. तेव्हा यांनी खाली बसून सगळं सांगितलं. ती माणसं पावसात भिजून आली होती. हे दार उघडून बाहेर जिन्यात आले, दार मागे ओढून घेतलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे ते कार्यकारिणीवाले दारात येऊन वर बघत उभे राहिले. यांनी चष्मेवाल्याला सांगितलं, की घरात तापाची साथ आहे, आत घेतलं तर लहान मुलीला लागेल. मुलीने पाणी मागितलं. यांनी पाण्याचा पेला बाहेर आणून दिला. ती माणसं पाणी प्यायली, म्हातारी पायरीवर जरा टेकली, आणि यांनी शाळेचा पत्ता सांगितला. चष्मेवाल्याने यांना म्हटलं, की घरच्यांना जपा.

गच्चीवरच्या खोलीचं छत गळत नाही.

म्हातारीला मी घरी आणलं आहे. गच्चीवर नाही, माझ्या खोलीत. डॉक्टर येऊन गेला. तुझी शाल तिच्या अंगावर आहे. खालचे गृहस्थ जिन्यात भेटले तेव्हा मी तिचा हात धरून होते, आणि मीच त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

तुझ्यावर माझा राग नाही. लोभ आहे. तो मी तुझ्या भावाच्या हाती न देता थेट तुलाच पाठवते आहे.

तुझी
वहिनी


ता. ३ डिसेंबर

ती. दादास,

न. वि. वि.

वहिनींचं पत्र आलं. तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा उठले. तुला घालून पाडून बोलावं म्हणून शब्द जमवले होते. पण प्रत्येक शब्द माझ्याच दारावरून फिरून जातो. तुझ्या जिन्यापर्यंत ती माणसं आली, कारण मी त्यांना माझ्या जिन्यावरून खाली उतरवलं होतं.

तुला एकच विचारायचं होतं. तू मला 'बघते' या शब्दावरून बोललास, ते तुझं पत्र खोटं होतं का? मी ते पुन्हा काढून वाचलं. मला ते खोटं वाटलं नाही. मला त्याचीच भीती वाटते. लिहिताना तू अगदी मनापासून लिहिलं होतंस. माझं 'बघते' निदान तोंडातून निघालं तेव्हाच डळमळीत होतं.

इकडची बातमी. गिरणीच्या आगीची चौकशी संपली. जुनी वीजवाहिनी तापून आग लागली, असं अहवालात आलंय. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी होत्या. मी तो कागद घेऊन बेकरीत गेले. बेकरीवाल्याने वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, जाऊ द्या हो, झालं ते झालं, आता गल्ली कशी शांत आहे. रांगेत उभ्या असलेल्या कुणीही काही विचारलं नाही. ती माणसं कुठे आहेत, जिवंत आहेत का, कुणीही नाही. पाव गरम होता, प्रत्येकाला घाई होती. मीही पाव घेतला दादा. पैसे दिले, पाव घेतला आणि घरी आले.

संध्याकाळी मात्र पुतण्याला खोली सोडायला सांगितली. हेही मला धाडसाने जमलं नाही. माझा जुना बाजावाला भाडेकरू परत येतोय म्हणून खोटंच सांगितलं. चांगलं काम करायलासुद्धा मला खोट्याचीच काठी लागते. बेकरीवाला आता माझ्याशी बोलत नाही, गिऱ्हाइकं पुन्हा पातळ झाली आहेत. होऊ देत.

मी म्हातारीला न्यायला येते आहे. वहिनींना सांग. आणि ती कशी आहे ते तू स्वतः लिही. वहिनींकडून नको, तुझ्या हाताने हवं. अक्षर कसंही असू दे.

लोभाचं काय लिहू? रक्ताचा आहे, तो पुसता येत नाही.

ठकी


ता. ११ डिसेंबर

चि. ठकी,

आशीर्वाद द्यायचा अधिकार उरला आहे असं धरून चालतो.

तू विचारलंस, ते पत्र खोटं होतं का. नव्हतं. लिहिताना मला माझं दार सताड उघडं दिसत होतं. त्यात उभी राहणारी माणसंही दिसत होती. पण ती कोरडी होती, बोलणारी होती, माझे आभार मानणारी होती. प्रत्यक्षात आली ती भिजलेली माणसं. त्यांच्या कपड्यांना वास येत होता. म्हातारी इतकी खोकत होती की खालचं दार उघडलं. ते गृहस्थ वर बघत होते, आणि मी ताप म्हणालो. मला विचार करावा लागला नाही, ठके. शब्द तयार होता. इतक्या वर्षांच्या अभ्यासात दार लावणाऱ्यांची जी जी कारणं मी गोळा केली होती, त्यांतलंच एक आपोआप माझ्या तोंडात आलं. मग चष्मेवाल्याने मला, घरच्यांना जपा, म्हटलं. मी आत आलो आणि तुला ते पत्र लिहिलं होतं त्याच खुर्चीवर बसून व्याख्यानाचा शेवटचा भाग लिहिला. ज्यावर त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे पुसले, तोच. नंतर तुझ्या वहिनीच्या नावावर मी खोटं लिहिलं, तेही तितक्याच सहज.

मी चौकशी करतो आहे. नदीपलीकडच्या कचेऱ्यांना पत्रं लिहिली, इकडच्या साहेबांना भेटलो. आधी सगळे आदराने बसवून घेतात. कुणाबद्दल विचारतो आहे हे कळलं की 'बघतो' म्हणतात. चष्मेवाला, त्याची बायको, ती मुलगी, तिघांचाही अजून पत्ता नाही. मी विचारत राहणार आहे. याने काही भरून येतं असं मी स्वतःला सांगत नाही.

तुझी वहिनी माझ्याशी बोलते. दूध संपलंय, दार वाजतंय, एवढं. त्यापलीकडचं बोलणं तिने बंद केलं आहे.

आता म्हातारीबद्दल. खोकला कमी आहे, दोन घास जास्त जेवते. डॉक्टर म्हणतो एवढ्यात प्रवास नको, म्हणून तू ये, पण न्यायला नको, राहायला ये. काल खालचे गृहस्थ वर आले. प्राचार्यपदाचं नक्की झालं हे सांगायला. त्यांचा आवाज ऐकल्याबरोबर ती उठली, भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेली आणि बाहेर जिन्यात जाऊ लागली. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. मी तिच्या मागे धावलो, हात धरून तिला आत आणलं आणि त्या गृहस्थांच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. त्यांना सांगितलं, की ही त्या दिवशीचीच म्हातारी, हिला मी जिन्यातून परत पाठवलं होतं, घरात ताप नव्हता. ते चहा अर्धा ठेवून गेले. पद राहील की जाईल कोण जाणे. हे मोठेपणाने लिहीत नाही. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर चारही माणसं इथे एकत्र राहिली असती, काल बोललो त्याने मला फक्त रात्री झोप लागली, आणि तीही थोडीच.

पण तिला ते पटलेलं नाही. रोज सकाळी ती अंथरुणाची घडी घालते, वहाणा पायात घालते, आपलं गाठोडं मांडीवर घेते आणि दाराजवळच्या स्टुलावर बसते. मी सांगतो, हे तुमचं घर आहे. ती मान डोलावते. मी गाठोडं खाली ठेवायला हात पुढे करतो, ती ते अलगद जवळ ओढते. रागाने नाही, मला त्रास नको म्हणून. आता हे लिहितानाही ती समोर तशीच बसली आहे. आपल्या भाषेतले तिला थोडेच शब्द येतात. त्यांतला एक ती दिवसातून अनेकदा वापरते. मी टेबलावरून जरा उठलो, खुर्ची जरा वाजली, की ती माझ्याकडे बघते, गाठोडं सावरते आणि हळूच विचारते, की जायचं?

लोभ ठेव असं म्हणवत नाही. ये मात्र.

तुझा
दादा